सहा टोकांचा हट्ट

कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर किंवा खडपावर ल्युअर फेकणाऱ्याला सुचवून पाहावं, की या ल्युअरखालचे दोन्ही ट्रेबल काढून सिंगल हुक लाव. उत्तर ठरलेलं असतं: ‘सिंगलवर मासा टिकत नाही.’ त्यामागोमाग दुसरं येतं: ‘कंपनीने ट्रेबल लावून दिलाय तो काय उगीच?’ बोलणारा थोडा वाचणारा असला तर तिसरंही येतं, की संशोधनात या दोन्हींत काही फरक सापडलेला नाही. चौथं उत्तर सहसा जरा हळू आवाजात दिलं जातं: मासा पकडून सोडण्याचं कौतुक गोऱ्यांना, आपण खाण्यासाठीच पकडतो.

चारही उत्तरांत थोडंथोडं तथ्य आहे. म्हणूनच ती इतकी चिवट आहेत आणि म्हणूनच ‘मुक्या जिवावर दया करा’ छापाच्या आवाहनाने त्यांचा समाचार घेता येत नाही. त्यांना त्यांच्याच मैदानावर गाठायला हवं: मासा किती टिकतो, ल्युअर कशी चालते, आकडे नेमकं काय सांगतात.

ज्यांनी कधी गरी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ल्युअर म्हणजे लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा धातूचा खोटा मासा. त्याच्या पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे गळ बारीक स्प्लिट रिंगने टांगलेले असतात. ट्रेबल म्हणजे एकाच दांड्याला तीन दिशांना वळवलेली तीन टोकं, म्हणजे दोन ट्रेबलची सहा टोकं, आणि प्रत्येक टोकाला आतून उलटा काटा. सिंगल हुक हा आपला नेहमीचा एकटोकी गळ. ल्युअरसाठी बनवलेल्या ‘इनलाइन’ प्रकारात फक्त त्याचं नेढं काटकोनात फिरवलेलं असतं, म्हणजे रिंगमध्ये अडकवल्यावर गळ आडवा न होता सरळ रेषेत लटकतो.

कंपनीच्या युक्तिवादापासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांत लंगडा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावच्या जेम्स हेडन यांच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे लाकडी ‘डोवाजिॲक मिनो’ बाजारात आणले, त्यांतल्या एका गाजलेल्या नमुन्यावर पाच ट्रेबल होते. वीतभरही लांबी नसलेल्या लाकडावर पंधरा टोकं. आज असा नमुना संग्राहकांच्या कपाटात सापडतो. मासेमारीला तो कोणी नेत नाही. पाचाचे तीन झाले, तिनाचे दोन झाले, आणि त्यामुळे ल्युअरचा धंदा बुडाल्याचं कुठे ऐकिवात नाही. किती टोकं लावायची हा प्रत्येक काळातल्या गिऱ्हाइकाच्या समजुतीचा हिशेब होता. जो आकडा एकदा पंधरावरून सहावर आला, तो सहावर आल्यावरच पवित्र कसा झाला?

दुसरा दाखला फिनलंडचा. आज ज्यांच्या नावाची ल्युअर मालवणपासून मेक्सिकोपर्यंत विकली जाते ते लॉरी रापाला हे हौशी गळकरी नव्हते. मासे विकून संसार चालवणारे ते गरीब कोळी होते. शिकारी मासा कळपातल्या नेमक्या लंगड्या, कडेकडेने झोकांड्या खात चाललेल्या माशावर झडप घालतो, हे त्यांनी सरोवरात पाहिलेलं होतं. 1936 साली त्यांनी चांभाराच्या सुरीने बूच कोरून तसाच झोकांड्या खाणारा खोटा मासा बनवला, चॉकलेटचा चमकता कागद त्यावर गुंडाळला आणि वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा थर चढवून तो पाण्यापासून वाचवला. पुढे 1962च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ज्या अंकात मेरिलिन मन्रोच्या मृत्यूची बातमी होती त्याच अंकात या ल्युअरवर लेख आला, अंक भरमसाट खपला, आणि कंपनीकडे मागणीचा पूर लोटला.

या गोष्टीतली कामाची बाब वेगळी आहे. रापालांना मासा सोडायचा नव्हता. त्यांना तो होडीत घ्यायचा होता, मारायचा होता, विकायचा होता. माशाच्या गालात तीन टोकं रुतली काय आणि डोळ्यात एक गेलं काय, बाजारात भाव तोच. त्यांच्या कामासाठी ट्रेबल चोख होता. प्रश्न आहे तो त्यांच्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी, शनिवारी सकाळी गाडी काढून खाडीवर येणाऱ्या, फोटो काढून मासा परत पाण्यात सोडणाऱ्या माणसाचा. ज्या हत्याराची घडणच ‘एकदा धरलं की सोडायचं नाही’ यासाठी आहे, ते हत्यार तो ‘धरून सोडण्यासाठी’ वापरतो. काम बदललं, अवजार तसंच राहिलं. सगळ्या वादाचं मूळ इतकंच आहे.

आणि कंपनीचंच म्हणाल तर व्हीएमसी ही गळ बनवणारी जुनी फ्रेंच कंपनी 2000 सालापासून रापालाच्या मालकीची आहे, आणि ती ट्रेबलबरोबर इनलाइन सिंगलही विकते. रापालाच्या समुद्रात वापरायच्या काही मॉडेलांवर तर सिंगल कारखान्यातूनच बसवून येतात. यावर एक कुजकट शंका काढता येते, की एकाच गिऱ्हाइकाला दोनदा गळ विकायची ही युक्ती आहे. असेलही. कंपन्या धर्मादाय नाहीत. पण मग ‘कंपनीने ट्रेबल लावलाय म्हणजे तोच बरोबर’ हेही म्हणता येत नाही.

आता मुख्य आरोप: मासा टिकत नाही.

याचं उत्तर शोधायला फिनलंडला जायची गरज नाही. आपल्याच देशात, लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर, पिढ्यान्‌पिढ्या ट्यूना, म्हणजे आपला कुपा, काठी आणि दोरीने पकडला जातो. होडीवाले आधी बारीक जिवंत मासे गोळा करतात, कुप्याचा कळप दिसला की ते पाण्यात उधळतात, पाण्याचे फवारे उडवतात, आणि कळप खवळून वर आला की मागच्या फळीवर ओळीने उभे राहून काठ्या चालवतात. काठीच्या टोकाला आखूड दोरी, दोरीला एकच गळ, आणि त्या गळाला उलटा काटा नाही. आमिषही नाही, गळ चमकतो एवढंच. मासा लागला की काठीच्या एका झटक्यात तो डोक्यावरून होडीत येतो, दोरी सैल पडताच आपोआप सुटून फळीवर पडतो, आणि गळ पुन्हा पाण्यात जातो. या माशाचाच उकडून, धुरवून, वाळवून टिकाऊ ‘मास’ बनतो आणि बेटाचं अर्थकारण त्यावर उभं राहतं. एकटोकी, बिनकाट्याच्या गळावर ज्यांची चूल पेटते त्यांना ‘सिंगलवर मासा टिकत नाही’ हे कोणी तरी सांगायला जायला हवं.

इथे ट्रेबलवाला म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की तिथे मासा दोन-तीन सेकंदच गळावर असतो. आमचा जिताडा तिवरांच्या मुळांकडे धावतो, उसळ्या मारतो, डोकं झाडतो. पाच-दहा मिनिटं झुंजतो. ठीक. मग दुसऱ्या टोकाचं उदाहरण घ्यावं. खोल समुद्रात ट्यूनासाठी मैलोन्‌मैल लांबीची लाँगलाइन सोडतात. तिच्यावर शेकडो, हजारो गळ लटकतात, सगळे एकटोकी. मासा तासन्‌तास त्या एका टोकावर राहतो आणि ताण सांभाळायला दुसऱ्या बाजूला माणूसही नसतो. ट्रेबलने खरोखर जास्त मासे टिकत असते तर तोट्या-नफ्याचा पैशापैशाने हिशेब ठेवणाऱ्या त्या बोटींनी ते केव्हाच लावले असते.

मासा गळावर टिकतो तो टोकांच्या संख्येमुळे टिकत नाही. टोक किती खोल आणि कशाभोवती गेलंय, तार वाकते की नाही आणि दोरी ताठ आहे की सैल, यावर ते ठरतं. ट्रेबलची अडचण अशी की त्याचं एक टोक जबड्यात शिरू लागलं की उरलेली दोन बाहेरून टेकतात आणि त्याला आणखी आत जाऊ देत नाहीत. दोन टोकं लागली तर ओढीचा जोर दोघांत वाटला जातो आणि दोन्ही अर्धवट रुततात. टोक आणि दांडा यांच्यातली फट ट्रेबलमध्ये लहान असते. मोठ्या माशाच्या जाड ओठाचा पूर्ण घास तिच्यात मावत नाही. शिवाय दुसरा ट्रेबल बाहेर लोंबकळत असतो. तो मुळात, दगडात किंवा माशाच्याच कल्ल्यावर अडकला की तिथे तरफ तयार होते आणि पहिला उचकटला जातो. याउलट त्याच वजनाच्या सिंगलमध्ये सगळी तार एकाच वाकणात खर्च झालेली असते. ती जाड असते, फट रुंद असते, आणि टोक जबड्याच्या हाडाला वळसा घालून बाहेर येतं. जायंट ट्रेव्हलीसारख्या, दोरी तोडून नेणाऱ्या दांडग्या माशामागे जाणारे अनेक अनुभवी लोक मोठ्या ल्युअरवर सिंगल लावतात, त्यात भूतदयेइतकाच हा स्वार्थही असतो.

कावेरीच्या महसीरचं उदाहरणही इथे आठवावं. गालिबोरे, भीमेश्वरी या मासेमारीच्या तळांवर नव्वदच्या दशकात आणि पुढेही जे अवाढव्य महसीर रॉडवर आले, त्यांतले बहुतेक उकडलेल्या नाचणीच्या गोळ्यावर आले, आणि त्या गोळ्यात दडवलेला असायचा मोठा एकटोकी गळ. महसीर जबड्याच्या दाबाने गळ चिरडतो ही तक्रार ब्रिटिश काळातल्या शिकारी लेखनापासून चालत आलेली आहे. ज्या माशाने लोखंड चेपावं तो एका टोकावर काठाला आला. अर्थात ते आमिष होतं, ल्युअर नव्हती, हा फरक मान्य करायला हवा. पण टिकण्याचा मुद्दा त्याने बदलत नाही.

मग सिंगल लावल्यावर मासा सुटल्याचे अनुभव खोटे आहेत का? नाहीत. ट्रेबलचा एक खरा फायदा आहे: मासा कुठल्याही कोनातून आला, नुसता धक्का मारून गेला, तरी सहातलं एखादं टोक त्याला कुठेतरी बोचतं. बाराकुडासारखा मासा ल्युअर गिळत नाही, सपकन चावा मारून जातो, आणि तिथे ट्रेबल काही जास्तीचे मासे लावून देतो. पण ‘कुठेतरी’ या शब्दावर थांबलं पाहिजे. ते कुठेतरी म्हणजे बऱ्याचदा डोळा, कल्ला, गळ्याखालची कातडी किंवा पोट. तोंडाबाहेर लागलेला मासा हा कौशल्याचा पुरावा म्हणून कोणी फोटोत मिरवत नाही. दुसरं असं, की अनेकांनी ‘सिंगल लावून पाहिले’ म्हणजे काढलेल्या ट्रेबलच्याच नंबराचा बारका सिंगल लावला. नंबर सारखा असला तरी फट सारखी नसते. असा प्रयोग फसणारच, आणि दोष मात्र सिंगलच्या माथी.

संशोधनाच्या मुद्द्याला बगल देता येणार नाही, कारण ट्रेबलवाल्यांच्या भात्यातला तोच सर्वांत धारदार बाण आहे. बार्थोलोम्यू आणि बोनसॅक या दोन अभ्यासकांनी 2005 साली पकडून सोडलेल्या माशांच्या मृत्यूवरचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. एकूण 274 अंदाज त्यांनी एकत्र मांडले. सरासरी मृत्युदर 18 टक्के, मध्यक 11 टक्के. आणि हो, ट्रेबल की सिंगल या एका बाबीने एकंदर मृत्युदरात सांख्यिकीच्या कसोटीवर टिकेल असा फरक त्यांना दिसला नाही. हे जसंच्या तसं मान्य.

पण आढावा तिथे संपत नाही. कशाने फरक पडतो याचीही यादी त्यात आहे: गळ शरीरात नेमका कुठे लागला, नैसर्गिक आमिष होतं का, खोल गिळलेला गळ ओढून काढला का, पाणी गरम होतं का, मासा किती वेळ खेळवला आणि किती वेळ हाताळला. उलटा काटा असलेले गळ बिनकाट्याच्या गळांपेक्षा किंचित जास्त घातक, हेही त्यात आहे. आता या यादीत ट्रेबल बसवून पाहा. आमिषाच्या मासेमारीत बारीक सिंगल माशाच्या पोटात सहज उतरतो, तर तीन दिशांना पसरलेला ट्रेबल तिथवर जात नाही. तेव्हा आमिष आणि ल्युअर यांचे आकडे एकत्र केले की ट्रेबलच्या बाजूचं हे पारडं सरासरीला समतोल करून टाकतं. चालत्या ल्युअरवर मासा झडप घालतो आणि दोरी तेव्हाच ताठ होते. गिळायला सवड कमी. म्हणजे ट्रेबलचा तो फायदा ल्युअरवर फारसा उरत नाही. उरतात ते तोटे: टोकं नको तिथे लागणं, आणि ती काढायला लागणारा वेळ.

वेळ किती महत्त्वाचा, हे फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांच्या 1992च्या प्रयोगात उघड दिसतं. त्यांनी इंद्रधनुषी ट्राउट दमेपर्यंत पळवले. नुसते दमलेले मासे बारा तासांनी पाहिले तर 12 टक्के मेलेले होते. दमल्यावर 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के मेले. पूर्ण एक मिनिट हवेत ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. ट्राउट थंड पाण्याचा नाजूक मासा आहे, जिताडा किंवा तांबोशी त्याहून काटक, म्हणून हे आकडे उचलून कोकणात चिकटवता येणार नाहीत. दिशा मात्र तीच राहते. आणि आपलं पाणी गरम आहे. मे महिन्यात खाडीच्या पाण्याला हात लावणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. जाळीत गुंतलेला एक ट्रेबल, जबड्यात दुसरा, प्लायर शोधणारा एक आणि मोबाइल सरसावलेला दुसरा: एक मिनिट जाणं किती सोपं आहे, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. बिनकाट्याचा सिंगल पाण्यातच, मासा न उचलता, प्लायरच्या एका उलट्या पिळाने निघतो.

निळ्या परांच्या महसीरवर, म्हणजे ज्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं त्या ‘खुद्री’वर, कावेरीत एक अभ्यास झाला आणि 2016 साली तो प्रसिद्ध झाला. पकडून सोडणं हा मासा बऱ्यापैकी सोसतो, पण झुंज जितकी लांबते तितका तो जास्त खचतो, असा त्याचा रोख होता. ट्रेबलवाले यातला पूर्वार्ध सांगतात. उत्तरार्धही वाचावा.

मृत्यूच्या पलीकडेही काही असतं. आंधळा झालेला मासा त्या दिवशी मरत नाही, म्हणून तो तक्त्यात ‘जिवंत’ रकान्यात पडतो. जबड्याचं पान फाटलेला जिताडा पुढे नीट भक्ष्य पकडू शकतो का, हे त्या रकान्याला ठाऊक नसतं.

आणि माणसाचा हात? या मुद्द्यावर ट्रेबलवाल्यांकडून फारसा बचाव कधी होतच नाही, फक्त विषय बदलतो. एक ट्रेबल माशाच्या तोंडात, दुसऱ्याचं टोक धरणाऱ्याच्या बोटात, आणि मासा अजून जिवंत, दर झटक्याला ते टोक आणखी आत नेणारा. कातडीत रुतलेला गळ काढायच्या ज्या पद्धती डॉक्टर वापरतात, त्यांतली दोरीचा फास घालून झटक्यात उपसण्याची पद्धत एकटोकी गळाला सोयीची; ट्रेबल असला तर आधी उरलेली टोकं कापावी किंवा झाकावी लागतात, नाही तर काढताना दुसरं टोक शिरतं. खडपावर, भरतीच्या पाण्यात, जवळच्या दवाखान्यापासून तासाभराच्या अंतरावर हे सगळं करायचं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचा प्रश्न तर दोन्ही गळांना सारखाच. फरक आहे तो किती टोकं किती जणांच्या अंगात जातात याचा. होडीत तिघं जण एका वेळी ल्युअर फेकत असले, तर अठरा टोकं हवेत फिरत असतात.

राहिला खाण्याचा प्रश्न. मासा खायला पकडणं यात कमीपणा काहीच नाही. मराठी माणसाला तो उपदेश करणाऱ्याने आधी आपल्या ताटात पाहावं. पण ल्युअर माशाचं वय विचारत नाही. खायला नेण्याजोगा जिताडा हवा असताना ल्युअरला वितीएवढं पिल्लू लागतं, आणि ते सोडायचं असतं. सहा टोकांतून सोडवलेलं पिल्लू पोहत गेलं तरी ते वाढेलच, असं मानायला फार भाबडेपणा लागतो.

मोठ्या माशाबाबत तर गोष्ट आणखी गंभीर आहे. जिताडा जन्मभर एकाच लिंगाचा राहत नाही. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. ऑस्ट्रेलियात हा बदल साधारण 80 ते 100 सेंटिमीटर लांबीच्या दरम्यान होताना दिसतो. म्हणजे खाडीतला सगळ्यांत मोठा, सगळ्यांत फोटोजेनिक जिताडा जवळजवळ नक्कीच मादी असते, आणि पुढची पिढी तिच्या पोटात असते. म्हणूनच क्वीन्सलँडच्या खाड्यांत 58 सेंटिमीटरहून लहान आणि 120 सेंटिमीटरहून मोठा जिताडा ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. रायगडात तळ्यात वाढवलेला जिताडा पाहुण्यारावळ्यांना मानाने पोचवला जातो. पण तळ्यात सोडायची पिल्लं अखेर खाडीतूनच यायची, आणि खाडीतली पिल्लं त्या मोठ्या माद्यांकडून.

‘परदेशी खूळ’ या शेऱ्याबद्दल थोडक्यात. ब्रिटिश कोलंबियाच्या नद्या-ओढ्यांत एकटोकी, बिनकाट्याचा गळ सक्तीचा आहे. अलास्कात ट्राउटच्या कित्येक पाण्यांत फक्त आमिषाविना, एकटोकी गळाची ल्युअर चालते. जपानमध्ये पैसे भरून ट्राउट पकडायच्या तळ्यांवर बिनकाट्याचा सिंगल हाच रिवाज आहे आणि तिथल्या बारक्या ल्युअर तशाच विकल्या जातात. हे नियम करणारे लोक मासेमारीचे वैरी नाहीत. मासेमारीवर त्यांचे गाव चालतात. खूळच म्हणायचं तर ल्युअर, कार्बनचा रॉड, जपानी रीळ आणि ब्रेडेड दोरी हे सगळं परदेशी चालतं आणि गळ तेवढा ‘आपला’ असावा लागतो, हे खूळ जास्त मजेदार आहे.

सिंगलचे दोष न सांगता लेख संपवला तर तो प्रचार होईल. ल्युअर बनवणाऱ्याने तिचा तोल ट्रेबलच्या वजनावर जुळवलेला असतो. दोन ट्रेबल काढून हलके सिंगल लावले तर पाण्यात स्थिर थांबणारी ल्युअर हळूहळू वर येऊ लागते, तरंगणारी जास्त उंच तरंगते, कधी चाल बेंगरूळ होते. ट्रेबल पोटाखाली थोडा नांगरासारखाही काम करतो; तो गेला की काही ल्युअर जोरात ओढल्यावर कुशीवर पडतात. म्हणून डिजिटल काट्यावर जुना ट्रेबल आणि नवा सिंगल तोलून पाहावे. सिंगल सहसा नंबराने एक-दोन आकार मोठा घेतला की वजन आणि फट दोन्ही जुळतात. तरी कमी पडलं तर जाड स्प्लिट रिंग किंवा पोटाला शिशाच्या पट्टीचा बारीक तुकडा. पुढचा गळ मागच्याला पोचता कामा नये, आणि कुठलाही गळ ल्युअरच्या पाठीवर चढून अडकता कामा नये. एवढं हातात धरून हलवून पाहिलं की कळतं. आणि बोटाएवढ्या ल्युअरवर भलामोठा सिंगल लावायचा अतिरेकही नको. लहान माशाच्या टाळूतून असा गळ वर जाऊन डोळ्याच्या खोबणीत निघतो, म्हणजे ट्रेबलवर जो आरोप तोच यावर. ज्या बारीक ल्युअर सिंगलवर चालतच नाहीत, त्यांच्या ट्रेबलचे उलटे काटे प्लायरने चेपून टाकावेत. अर्ध्यावरचा उपाय आहे, पण काही न करण्यापेक्षा पुष्कळ बरा.

खर्चाचं रडगाणं मात्र फार ऐकू नये. एक चांगली ल्युअर आज हजाराच्या घरात जाते, आणि खडपात, तिवरांत किंवा कोळ्यांच्या सोडलेल्या जाळ्यात ती हरवते तेव्हा बहुधा ट्रेबलच्या एखाद्या मोकळ्या टोकानेच अडकलेली असते. एकटोकी गळ कमी अडकतो, अडकला तर सुटतो. शिवाय ज्याच्या जाळ्यात ट्रेबल राहतो त्या कोळ्याला जाळं ओढताना तो हाताने शोधावा लागतो, याचाही हिशेब कोणी तरी धरायला हवा.

यासाठी सरकारी फतव्याची वाट पाहायचं कारण नाही. मालवण, रत्नागिरी, हर्णै आणि गोव्यात हौशी गळकऱ्यांना होडीवर नेणारे व्यावसायिक आहेत. अधूनमधून ल्युअरच्या स्पर्धाही होतात. त्यांच्या पत्रकात एक ओळ छापायला कुणाची परवानगी लागत नाही: सोडायच्या माशासाठी बिनकाट्याचा सिंगल, आणि तोंडाबाहेर लागलेला मासा गुणांत धरला जाणार नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांनी पुढच्या मोसमापासून ती छापावी, आणि होडीवाल्यांनी गिऱ्हाइकाची पेटी उघडायच्या आधी ती वाचून दाखवावी.